मुंबई–दिल्ली विमान: अंतर ११३५ किमी, तिकिटावर सव्वादोन तास. मधला वेळ जातो कुठे?

रेखांश
मुंबई–दिल्लीसाठी तीन ठिकाणी तीन अंतरं दिसतात: ११३५, ११३८ आणि कुठे कुठे चक्क १४०० च्या आसपास. वेळेचाही तसाच घोळ. अंतर दाखवणाऱ्या साइट सव्वा ते दीड तास म्हणतात, तिकिटावर २ तास १५ मिनिटं छापलेली असतात आणि विमानात पायलट जाहीर करतो की उड्डाणाचा वेळ १ तास ४० मिनिटं. यातला कुठला आकडा कशासाठी धरायचा? आणि हाच हिशोब गोवा किंवा थेट लंडनसाठी घरबसल्या मांडायचा तर कसा? माहीतगारांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती.

मोजपट्टी
आधी अंतर निकालात काढू. १४०० हा विमानाचा आकडा नाहीच, तो रेल्वे-रस्त्याचा. राजधानी एक्सप्रेसचा मुंबई सेंट्रल–नवी दिल्ली मार्ग १३८४ किमी आहे, तिथून तो उचलला जातो.

११३५ आणि ११३८ दोन्ही बरोबर आहेत. पृथ्वी ६३७१ किमी त्रिज्येचा गोल धरली तर ११३८ येतात. खरी पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, तो आकार धरून काढले तर ११३५. कच्च्या हिशोबाला गोल पुरतो, चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते.

स्वतः काढायचं तर दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मुंबई १९.०८९ उत्तर, ७२.८६८ पूर्व. दिल्ली २८.५६७ उत्तर, ७७.१०३ पूर्व. मग:

कोसाइन(कोन) = साइन(१९.०८९) × साइन(२८.५६७) + कोसाइन(१९.०८९) × कोसाइन(२८.५६७) × कोसाइन(४.२३५)

पहिला भाग ०.१५६४, दुसरा ०.८२७७, बेरीज ०.९८४१. याचा कोन येतो साधारण १०.२४ अंश. एका अंशाला १११.१९५ किमी, म्हणून ११३८.

यात दोन चुका हमखास होतात. स्प्रेडशीटमध्ये अंशांचं रेडियनमध्ये रूपांतर राहून जातं आणि उत्तर भलतंच येतं. ती चूक निदान लगेच दिसते. दुसरी दिसत नाही: २८ अंश ३४ मिनिटं हे कोणी २८.३४ असं भरतं. ३४ मिनिटं म्हणजे ०.५६७ अंश. एवढ्याने दिल्लीचा विमानतळ २५ किमी दक्षिणेला सरकतो आणि उत्तर खरं वाटेल इतपतच चुकतं.

विमानवाले किमी वापरत नाहीत. एक सागरी मैल १.८५२ किमीचा, म्हणजे मुंबई–दिल्ली ६१३ सागरी मैल. पुढचे सगळे हिशोब यातच करावेत, कारण वेग नॉटमध्ये असतो आणि एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल.

धावपट्टी_२७
मोजपट्टीसाहेबांनी पाया घातला आहे, आता वेळेचं.

तुम्ही दिलेले तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. साइटवाले ११३५ ला ताशी ८५० ने भागतात, येतात १ तास २० मिनिटं. विमान गेटपासूनच ताशी ८५० ने निघालं असं धरलेला हा आकडा कशाच्याच उपयोगाचा नाही. पायलट सांगतो तो हवेतला वेळ, चाकं जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंतचा. तिकिटावर असतो ब्लॉक टाइम: गेटवर ब्रेक सोडून विमान हललं तिथपासून, समोरच्या विमानतळावर उभं राहून ब्रेक लागले तिथपर्यंत.

ए-३२० जातीचं विमान धरून हवेतला वेळ फोडून दाखवतो. आधी रस्ता. ६१३ मैल ही सरळ रेषा झाली, विमान तिच्यावरून उडत नाही. मुंबईत वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून टेकऑफ २७ क्रमांकाच्या, म्हणजे पश्चिमेकडे तोंड असलेल्या धावपट्टीवरून समुद्राकडे. जायचंय उत्तर-ईशान्येला (सुरुवातीची दिशा साधारण २१ अंश) आणि निघायचं पश्चिमेला. त्यामुळे समुद्रावर जाऊन उजवीकडे वळावं लागतं. दिल्लीलाही उतरणं बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून. मुंबईकडून येणारं विमान नैर्ऋत्येकडून येतं आणि त्याला शहराच्या पूर्वेला जाऊन मागे वळून धावपट्टी धरावी लागते. मधे हवाई मार्गांचे ठरलेले बिंदू आहेतच. सगळं धरून ५ टक्के वाढवा: ६४४ मैल.

आता चढण. ३५,००० फुटांवर पोचायला साधारण २० मिनिटं लागतात, तेवढ्यात ११५ मैल कापले जातात. १०,००० फुटांखाली २५० नॉटची मर्यादा असते, त्यामुळे सुरुवात संथच. उतरण उलट्या बाजूने मोजतात: दर हजार फुटांना ३ मैल. म्हणजे ३५,००० ला १०५, अधिक वेग कमी करायला १०–१५, असे १२० मैल आणि २४ मिनिटं. उरले ४०९ मैल. या उंचीवर मॅक ०.७८ (आवाजाच्या वेगाच्या ०.७८ पट) म्हणजे सुमारे ४५० नॉट, मिनिटाला साडेसात मैल. ४०९ मैलांना ५५ मिनिटं.

२० + ५५ + २४ = ९९ मिनिटं. पायलटचा १ तास ४० हाच.

रेखांश
म्हणजे पूर्ण वेगात विमान जेमतेम निम्मा वेळ असतं! पण तिकिटावरची उरलेली ३५ मिनिटं?

धावपट्टी_२७
ती जमिनीवर जातात, आणि या मार्गावर तीच सगळ्यात बेभरवशाची.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या, ०९/२७ आणि १४/३२, एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन असल्या तरी एका वेळी एकच चालते आणि चढणारी-उतरणारी सगळी विमानं तिच्यावरच. पुशबॅकपासून (विमान गेटवरून मागे ढकलतात तिथपासून) टेकऑफपर्यंत २० मिनिटं धरणं रास्त आहे, गर्दीला ती ३० होतात. दिल्लीत २०२३ पासून चार धावपट्ट्या आहेत, तिथे अडचण रांगेची कमी आणि लांबीची जास्त. टर्मिनलजवळ उतरलात तर ६–७ मिनिटांत गेट, दूरच्या धावपट्टीवर उतरलात तर १५. सरासरी १० धरू. ९९ + ३० = २ तास ९ मिनिटं. उरलेली ५–१० मिनिटं कंपनी राखीव ठेवते. वेळेवर पोचलं की नाही हे १५ मिनिटांच्या फरकावर ठरतं, म्हणून सगळ्याच कंपन्या थोडी जागा ठेवतात.

यावरून हेही लक्षात येईल की "विमान जोरात का नेत नाहीत" याला फारसा अर्थ नाही. मॅक ०.७८ ऐवजी ०.८० ने नेलं तर ४०९ मैलांत वाचतं सव्वा मिनिट. इंधन मात्र वाढतं. मुंबईत टॅक्सीच्या, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीकडे चालत जाणाऱ्या विमानांच्या रांगेत पुढे दोन विमानं कमी असतील तर याहून जास्त वेळ वाचतो. उशीर भरून निघतो तो राखीव मिनिटांतून आणि एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) दिलेल्या सरळ वाटेतून, वेगातून नव्हे.

वाऱ्याची_दिशा
वरचा हिशोब शांत हवेचा आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वरचा प्रवाह वाहतो, १०० नॉट आणि वरही. उन्हाळ्याच्या शेवटी तो हिमालयाच्या उत्तरेला सरकतो. म्हणून एकाच मार्गाच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात.

मुंबई–दिल्लीला हा वारा जवळजवळ आडवा लागतो, त्यामुळे त्याचा काही परिणाम नसेल असं वाटतं. तसं नाही. २१ अंशांच्या दिशेला १०० नॉटचा पश्चिम वारा दोन भागांत मोडतो: ३६ नॉट मागून आणि ९३ नॉट आडवा. आडव्या वाऱ्यात रेषेवर टिकायचं तर नाक १२ अंश वाऱ्याकडे वळवून उडावं लागतं, त्यात ४५० चे ४४० उरतात. जाताना ४४० + ३६ = ४७६ नॉट. येताना ४४० − ३६ = ४०४. हा वारा वाटेच्या उत्तरेकडच्या ३०० मैलांत लागला असं धरा: जाताना ३८ मिनिटं, येताना साडेचव्वेचाळीस. म्हणजे थंडीत दिल्ली–मुंबई परतीला सहा-सात मिनिटं जास्त.

एक मुद्दा इथेच मांडतो, कारण तो सतत चुकीचा सांगितला जातो. "जाताना तोटा, येताना फायदा, शेवटी सारखंच" हे खरं नाही. लंडनएवढं अंतर घ्या, ३९०० मैल, वेग ४८० नॉट. वारा नसेल तर दोन्ही फेऱ्या मिळून सव्वासोळा तास. ६० नॉटचा वारा असेल तर जाताना ४२० ने ९ तास १७ मिनिटं, येताना ५४० ने ७ तास १३ मिनिटं. बेरीज साडेसोळा. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, सुलट्या वाऱ्यातून लवकर बाहेर पडतं. तोटा नेहमी फायद्यापेक्षा मोठा.

कोकणकडा
फार छान चाललंय. गोव्यासाठी हेच सूत्र लावलं तर? मुंबई–मोपा (गोव्याचा नवा विमानतळ) १ तास १० मिनिटं दाखवतात. अंतर तर दिल्लीच्या एक तृतीयांश आहे.

मोजपट्टी
मोपा ३८५ किमीच्या आसपास, गोव्याचा जुना विमानतळ दाबोळी ४२५. धावपट्टी_२७ यांच्या आकड्यांतून एक सोपं सूत्र निघतं. चढण-उतरणीचे २३५ मैल पूर्ण वेगाने कापले असते तर ३१ मिनिटं लागली असती, लागतात ४४. जादा १३. म्हणून:

हवेतली मिनिटं = रस्त्याचे सागरी मैल ÷ ७.५ + १३

छोट्या मार्गाला ५ टक्के वाढ पुरत नाही, तिथे सरळ ३० मैल मिळवा, कारण टेकऑफनंतरचं वळण आणि उतरतानाचा फेरा अंतर कमी म्हणून लहान होत नाही. मोपा ३८५ किमी म्हणजे २०८ मैल, अधिक ३०, असे २३८. ÷ ७.५ = ३२, + १३ = ४५ मिनिटं हवेत. मुंबईत २० आणि मोपाला ५ मिनिटं जमिनीवर. जुळलं, १ तास १० मिनिटं.

कोकणकडा, अंतर एक तृतीयांश होऊन वेळ निम्माच का कमी होतो ते यात दिसतं. जमिनीवरची २०–३० मिनिटं आणि ही १३ मिनिटं प्रत्येक उड्डाणाला भरावीच लागतात. प्रॉपेलरच्या एटीआर-७२ ला मात्र हे सूत्र लावू नका, त्याचा वेग २७० नॉटच्या आसपास असतो, भागाकार साडेचारने करा.

लंडनस्थ
मुंबई–हीथ्रोचं मी लिहिते. इथे गणित अंतरावर नाही, आकाश कुणाला उघडं आहे यावर ठरतं.

सरळ अंतर ७२१० किमी. दोरी ताणली तर ती सिंध, बलुचिस्तान, इराण, आर्मेनिया-जॉर्जिया, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश नागरी विमानांना २४ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, म्हणून सगळ्याच कंपन्या तिथे दक्षिणेला वळतात. पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना २४ एप्रिल २०२५ पासून बंद झालं आणि बंदीची मुदत महिन्या-महिन्याने वाढत गेली. ही बंदी भारतात नोंदलेल्या, भारतीय मालकीच्या किंवा भारतीय कंपन्यांनी भाड्याने घेतलेल्या विमानांना आहे. ब्रिटिश कंपनीला ती लागू नाही. म्हणून त्याच दिवशी, त्याच दोन विमानतळांमध्ये, दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसू शकतात. (याआधी २०१९ मध्येही पुलवामा-बालाकोटनंतर २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत असंच झालं होतं.)

पण यात मुंबईकरांना दिल्लीकरांपेक्षा पुष्कळ कमी फटका बसतो. मस्कत हा वळणबिंदू धरून नुसत्या सरळ रेषा मोजा. मुंबई–मस्कत १५९० अधिक मस्कत–हीथ्रो ५८३० = ७४२० किमी. वाढ फक्त २१० किमी, पाव तास. दिल्ली–हीथ्रो सरळ ६७३०, मस्कतवरून किमान ७७९०. वाढ १०६० किमी, म्हणजे सव्वा तासाच्या घरात. आणि दिल्ली–मस्कत ही रेषाही सिंधवरून जाते, म्हणून प्रत्यक्षात आधी गुजरातकडे उतरावं लागतं, ते वेगळं. एरवी लंडनसाठी दिल्ली मुंबईपेक्षा जवळ, या वळणाने ती लांब पडते! नागपूर-पुण्याहून लंडनला जाणाऱ्यांनी मधला थांबा निवडताना हे जरूर बघावं.

मोजपट्टी
लंडनस्थताईंच्या ७४२० वर सूत्र चालवून बघू. मोठी विमानं मॅक ०.८५ ने जातात, ४८७ नॉट. ७४२० किमी म्हणजे ४००७ मैल, ३ टक्के वाढवून ४१२७. जाताना सरासरी ४० नॉट समोरून धरले तर ४४७ नॉट: ५५४ मिनिटं, + १३, हवेत साडेनऊ तास. दोन्हीकडच्या टॅक्सीसाठी ३२ मिनिटं. ब्लॉक टाइम १० तास. येताना तेच ४० नॉट मागून, ५२७ नॉट: ४७० + १३ + ३२, म्हणजे ८ तास ३५ मिनिटं. जाण्या-येण्यात जवळजवळ दीड तासाचा फरक, आणि तो सगळा वाऱ्याचा.

लंडनस्थ
बरोबर. हीथ्रोला अजून एक धरा: सकाळच्या गर्दीत उतरण्याआधी आकाशात घिरट्या. घिरटीचा एक फेरा ४ मिनिटांचा, एक-एक मिनिटाच्या दोन सरळ बाजू आणि दोन वळणं. तीन फेरे झाले की १२ मिनिटं गेली. कंपन्या हेही वेळापत्रकात धरूनच चालतात.

तिकिटावरून प्रवासाचा वेळ काढताना घड्याळाचीही चूक होते. तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारत ब्रिटनच्या साडेचार तास पुढे, एरवी साडेपाच. मुंबईहून ०२:०० ला निघून ०७:०० ला हीथ्रो असेल तर उन्हाळ्यात ५ + ४:३० = साडेनऊ तास. त्याच वेळा हिवाळ्यात छापल्या असतील तर साडेदहा. घड्याळ बदलतं त्या आठवड्याचं तिकीट काढताना दोन्ही तारखा तपासा.

रेखांश
सगळ्यांचे मनापासून आभार. आता दिल्लीत पुढचं विमान धरण्याबद्दल कोणी सांगेल का?

धावपट्टी_२७
आधी हे बघा की दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत का. असतील तर मधला किमान वेळ कंपनीने तपासलेला असतो आणि पहिल्याच्या उशिराने दुसरं चुकलं तर पुढची सोय करणं त्यांच्यावर येतं. वेगवेगळी तिकिटं असतील तर सगळी जोखीम तुमची. मग तिकिटावरच्या पोचण्याच्या वेळेपासून मोजायला लागा, पायलटच्या वेळेपासून नाही. गेटवर लागल्यावर बाहेर पडून सामान हाती येईपर्यंत ३०–४० मिनिटं. टर्मिनल १ वर उतरून ३ वरून निघायचं असेल तर रस्त्याने जावं लागतं, त्याला निदान पाऊण तास. पुढच्या देशांतर्गत विमानाचं चेक-इन साधारण एक तास आधी बंद होतं. वेगळ्या तिकिटांवर मी चार तासांखाली सांगणार नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या धुक्याच्या वेळी दिल्लीत उतरणारं विमान तर धरूच नका, दुपारचं घ्या. धुक्यात दोन विमानांमधलं अंतर वाढवतात, तासाला उतरणारी विमानं घटतात आणि मागची रांग दुपारपर्यंत रेंगाळते.

नियमावली
एक भर घालते. ब्लॉक टाइम हा नुसता माहितीचा आकडा नाही, तुमचे हक्क त्यावर मोजले जातात. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांनुसार उड्डाण रद्द झालं आणि ठरलेल्या मुदतीत कळवलं नसेल, तर ब्लॉक टाइम १ तासापर्यंत असल्यास ५,००० रुपये, १ ते २ तास असल्यास ७,५००, आणि २ तासांच्या वर १०,०००. किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क. दोन्हींत जे कमी असेल ते मिळतं. मुंबई–दिल्ली तिसऱ्या गटात, मुंबई–गोवा दुसऱ्यात. हवामान, एटीसी, सुरक्षा अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ही भरपाई नाही.

उशीर झाल्यास विमानतळावर खाण्यापिण्याची सोयही यावरच: ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत असेल तर २ तासांच्या उशिराला, अडीच ते पाच असेल तर ३ तासांच्या, त्याहून मोठ्या उड्डाणाला ४ तासांच्या. अट एवढीच, चेक-इन वेळेत केलेलं हवं. काउंटरवर बोलताना "दोन तास उशीर झालाय" एवढंच म्हणू नका, ब्लॉक टाइम किती आहे तेही सांगा.

कोकणकडा
नवी मुंबईहून निघालं तर दिल्लीच्या वेळेत फरक पडेल का?

मोजपट्टी
अंतरात फरक जेमतेम दोन-तीन किमीचा, तेव्हा हवेतला वेळ तोच. फरक पडला तर जमिनीवरचा, टॅक्सीच्या रांगेचा. पण तिकीट काढताना कोड नीट वाचा. बीओएम म्हणजे मुंबईचा जुना विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. नवी मुंबईहून प्रवासी उड्डाणं २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाली आणि "मुंबई" शोधलं की बऱ्याच साइटवर दोन्ही एकाच यादीत येतात. जाणं एकाहून आणि परतणं दुसऱ्यावर असं तिकीट सहज निघतं. गाडी पार्किंगमध्ये ठेवून जाणाऱ्यांनी परतीचा कोड पैसे भरण्याआधी पुन्हा एकदा बघावा.